सबस्टन्स पी : 'वेदनेचा रेणू' सापडला, मग वेदनेवरचं औषध का नाही मिळालं?

चांदणवेल

इथे कंबर, गुडघे, अर्धशिशी, नागिणीनंतर मागे राहिलेली आग, सगळ्यावर धागे आहेत. पण दुखतं तेव्हा आत नक्की कोण कोणाला काय सांगतं यावर काही सापडलं नाही म्हणून हा काढतेय. मी जीवरसायनशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही, त्यामुळे रेणूंबद्दल कितीही विचारा, गोळ्या कुठल्या घ्यायच्या ते मात्र आपापल्या डॉक्टरांना.

दुखण्याबद्दल थोडंफार वाचणाऱ्यांनी सबस्टन्स पी हे नाव ऐकलेलं असतं आणि बहुतेक ठिकाणी त्याची ओळख 'वेदनेचा रेणू' अशी एका ओळीत उरकलेली असते. ती ओळख अर्धवट आहे. ती अर्धवट आहे हे कळायला औषध कंपन्यांची कित्येक वर्षं आणि प्रचंड पैसा गेला, पण त्यातून जे हाती आलं ते दीर्घकाळ दुखणं सोसणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात १९३१ ची. लंडनमध्ये उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम ॲसिटिलकोलीन या मज्जातंतूंचे निरोप पोचवणाऱ्या रसायनावर काम करत होते, त्यासाठी घोड्याच्या मेंदूचा आणि आतड्याचा अर्क काढलेला. तो अर्क सशाच्या आतड्याच्या तुकड्यावर टाकला की तुकडा आकसायचा, सशाला टोचला तर रक्तदाब उतरायचा. ॲट्रोपिन दिल्यावर ॲसिटिलकोलीनचा परिणाम थांबतो, पण हा थांबेना, म्हणजे हे काहीतरी दुसरंच होतं. मग जवळजवळ चाळीस वर्षं ते 'दुसरंच' नक्की काय आहे ते कोणालाच माहीत नव्हतं. १९५३ मध्ये फ्रेड लेंबेक यांनी म्हटलं की मज्जारज्जूच्या मागच्या मुळांमध्ये, म्हणजे जिथून संवेदना आत येतात तिथे, हा पदार्थ पुढच्या मुळांपेक्षा खूप जास्त आहे, तर हा संवेदना पोचवणारा असावा. आणि १९७० च्या सुमारास सुझन लीमन गायीबैलांच्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातून एक वेगळंच हॉर्मोन शोधत असताना एका अर्काने उंदरांच्या तोंडाला लाळ सुटायला लागली. त्यांनी ते सोडून न देता त्याचा पाठपुरावा केला आणि निघाला तो सबस्टन्स पी! १९७१ मध्ये रचना कळली, ११ अमायनो आम्लांची छोटीशी साखळी (अशा साखळीला पेप्टाइड म्हणतात). मला या बाईंबद्दल फार आदर आहे, भलत्याच गोष्टीच्या मागे असताना समोर आलेलं ओळखणं सोपं नसतं.

आता हा करतो काय. कातडी, सांधे, आतडी इथून निघणारे बारीक मज्जातंतू असतात, त्यातल्या सी-फायबर नावाच्या संथ तंतूंपैकी बऱ्याच जणांत हा बनतो. पेशीचा मुख्य भाग मज्जारज्जूच्या बाजूच्या गाठीत असतो, तिथे पेप्टाइड तयार होतं आणि दोन्ही टोकांना पाठवलं जातं. एक टोक मज्जारज्जूत आणि दुसरं बाहेर कातडीत वगैरे. मज्जारज्जूत झटपट निरोप देणारं रसायन ग्लुटामेट आहे, ते क्षणात येतं आणि जातं. सबस्टन्स पी सुटतो तो तंतू जोरात आणि सलग पेटला तर, मग तो आजूबाजूला पसरतो, पुढच्या पेशीवरच्या एनके-१ नावाच्या रिसेप्टरला (निरोप घेणाऱ्या जागेला) चिकटतो आणि पुढची पेशी बराच वेळ चाळवलेली राहते. म्हणजे ग्लुटामेट गाणं लावतं आणि सबस्टन्स पी रेडिओचा आवाज वाढवतो. लागलेल्या जागेच्या आजूबाजूला नुसता कपडा लागला तरी हुळहुळतं ना, त्यात या आवाज वाढण्याचा वाटा असतो.

दुसऱ्या टोकाचं काम मला जास्त आवडतं, कारण तिथे मज्जातंतू नुसता बातमी देत नाही, स्वतः सूज घडवतो. हातावर नखाने जरा जोरात रेघ ओढून बघा, आधी लाल रेघ, मग आजूबाजूला लाली पसरते, काही जणांना गांधीसारखं उठतं. थॉमस लुईस यांनी १९२७ मध्ये हे नीट वर्णन करून ठेवलंय. तर ती पसरणारी लाली मज्जातंतूंमुळे येते. तंतूच्या टोकातून सीजीआरपी नावाचं भावंड-पेप्टाइड सुटतं, ते रक्तवाहिन्या रुंद करतं, आणि सबस्टन्स पी त्या वाहिन्यांना पाझरायला लावतो, शिवाय मास्ट पेशी या रोगप्रतिकारक पेशींना उचकवून हिस्टामीन सोडायला लावतो. म्हणजे जंतू नसताना, रक्तात काही नसताना निव्वळ नर्व्हमुळे सूज येऊ शकते. दमा, सोरायसिस, संधिवात, आतड्याची सूज अशा कितीतरी आजारांत याच्याकडे बघितलं गेलं ते यामुळे.

मग साहजिकच सगळ्यांना वाटलं की एनके-१ अडवला की दुखणं गेलं. पेप्टाइड नसलेला, छोट्या रेणूचा पहिला ब्लॉकर १९९१ मध्ये जाहीर झाला. प्राण्यांमध्ये निकाल चांगले आले आणि माणसांवर चाचण्या सुरू झाल्या. गुडघ्यांचा संधिवात, मधुमेहातली नर्व्हची आग, अर्धशिशी… एकामागून एक फसल्या. अक्कलदाढ काढल्यानंतरच्या एका चाचणीत थोडा गुण दिसला, बाकी ठिकाणी काही नाही. बरं औषध मेंदूपर्यंत पोचत नव्हतं म्हणावं तर तसंही नाही, पेट स्कॅनमध्ये अप्रेपिटंट या ब्लॉकरने मेंदूतले ९० टक्क्यांहून जास्त रिसेप्टर व्यापलेले दिसले. औषध जागेवर होतं आणि माणसाला तरीही दुखत होतं.

हे का झालं यावर तुमचं काय मत आहे ते ऐकायचंय, माझं खाली प्रतिसादात लिहीनच.

उनाड_ढग

वाखुसा (वाचनखूण साठवली)! एक शंका, मिरचीच्या अर्काचं मलम दुखऱ्या जागी लावतात ते पण याच सबस्टन्स पी मुळे काम करतं ना? मी असं वाचलेलं की ते मलम सबस्टन्स पी संपवून टाकतं.

चांदणवेल

@उनाड_ढग, जुन्या पुस्तकांत तसंच लिहिलेलं सापडेल आणि ते अगदी चूक नाही, मिरचीतल्या तिखट कॅप्सायसिनने तंतूच्या टोकातला साठा खरंच रिकामा होतो. हंगेरीत मिक्लोश यान्चो यांनी दाखवलं होतं की कॅप्सायसिनचा मारा केला की ते तंतू नंतर प्रतिसादच देत नाहीत. पण आता मुख्य कारण वेगळं मानतात. कॅप्सायसिन ज्या दाराला चिकटतं ते टीआरपीव्ही-१, डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये शोधलं (२०२१ चं नोबेल त्यांना आणि आर्डेम पटापुटियन यांना मिळालं). हे दार फार वेळ उघडं राहिलं की कॅल्शियम आत घुसतं आणि तंतूचं टोकच काही काळासाठी झडतं, मग हळूहळू परत वाढतं. म्हणजे पेप्टाइड संपल्याने नाही तर पूर्ण टोकच गप्प झाल्याने आराम पडतो. नागिणीनंतरच्या आगीसाठी ८ टक्के कॅप्सायसिनची पट्टी आहे ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच लावतात, घरी असले प्रयोग कृपया कुणी करू नका, डोळ्याला हात लागला तर काय होतं ते सांगायला नको.

आणि माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे बघा. टोक बंद केलं तर आराम पडतो, एकटं पेप्टाइड अडवलं तर नाही.

पारवा

चांदणवेल ताई, धागा आवडला. मी भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे माझ्या बाजूने दोन गोष्टी.

एक, मॉर्फीन का चालतं. मॉर्फीनचे रिसेप्टर त्याच सी-फायबरच्या मज्जारज्जूतल्या टोकावर असतात. तिथे मॉर्फीन बसलं की टोकातून सगळंच सुटणं कमी होतं, ग्लुटामेटही आणि सबस्टन्स पीही, शिवाय ते पलीकडच्या पेशीलाही शांत करतं. एनके-१ ब्लॉकर यातली एकच वाट अडवतो, ग्लुटामेटची मोठी वाट मोकळीच राहते. त्यामुळे ऑपरेशननंतर पेशंटला नुसत्या एनके-१ ब्लॉकरवर ठेवायचा विचारही कोणी करणार नाही.

दोन, हे औषध वाया गेलं असं कोणाला वाटू नये. अप्रेपिटंट २००३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं ते केमोथेरपीच्या उलट्यांसाठी. मेंदूच्या देठात उलटीचं नियंत्रण करणारा जो भाग आहे तिथे एनके-१ रिसेप्टर भरपूर आहेत आणि तिथे मात्र सबस्टन्स पीचा वाटा मोठा निघाला. सिसप्लॅटिनसारख्या केमोच्या औषधानंतर पहिल्या दिवशीची उलटी ऑनडॅनसेट्रॉनने बऱ्यापैकी आवरते, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची आवरत नसे, आणि ती भीती एवढी की लोक पुढची सायकल घ्यायला नकार द्यायचे. ऑनडॅनसेट्रॉन, डेक्सामेथासोन आणि अप्रेपिटंट असं तिन्ही एकत्र द्यायला लागल्यापासून खूप फरक पडलाय. उलटीच्या भीतीने उपचार अर्धवट सोडणारी माणसं मी बघितली आहेत म्हणून हे मुद्दाम सांगतोय. केमो चालू असेल आणि मळमळ आवरत नसेल तर सहन करत बसू नका, तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा, उपाय आहेत.

कोरडा_पाऊस

मी इथे फारसा लिहीत नाही पण हा धागा वाचून लिहावंसं वाटलं. माझ्या बहिणीला फायब्रोमायल्जिया आहे. सगळं अंग दुखतं, झोप लागत नाही, दाबलं तरी कळ येते आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल. कित्येक ठिकाणी तिला तोंडावर सांगितलं की हे मनाचे खेळ आहेत. कुठेतरी वाचलं की या आजारात सबस्टन्स पी वाढलेला असतो. तसं असेल तर ती टेस्ट करून घेता येईल का? निदान एक कागद तरी हातात येईल तिच्या.

चांदणवेल

@कोरडा_पाऊस, वाचून वाईट वाटलं, तुमच्या बहिणीला जे सांगितलं गेलं ते सांगायला नको होतं.

तुम्ही वाचलंय ते खरं आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी आणि १९९० च्या दशकात एकापेक्षा जास्त गटांनी फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांच्या मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सबस्टन्स पी मोजला आणि तो निरोगी माणसांच्या सरासरी दोन-तीन पट निघाला. हे निष्कर्ष वेगवेगळ्या ठिकाणी परत आलेत, त्यामुळे त्यांना वजन आहे. पण टेस्ट म्हणून याचा उपयोग नाही, एकतर तो द्रव काढायला पाठीत सुई घालावी लागते, रक्तातल्या पातळीवरून तेवढं कळत नाही, आणि दुसरं म्हणजे इतर दीर्घकालीन दुखण्यांतही तो वाढलेला दिसू शकतो, म्हणजे वाढलाय म्हणून फायब्रोमायल्जियाच असं म्हणता येत नाही. निदान लक्षणांवरूनच होतं आणि ते तेवढंच खरं निदान असतं.

मला यातलं महत्त्वाचं हे वाटतं की दुखणं पोचवणारी यंत्रणा या लोकांत जास्त जागी असते, हे मोजता येण्यासारखं आहे. एमआरआय, एक्सरे, रक्ताचे रिपोर्ट हे सगळे दुसरंच काहीतरी बघत असतात, सांध्याची झीज, जंतू, सूज. आवाज किती वाढलाय ते त्यात दिसतच नाही. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आहेत यावरून दुखत नाही असा अर्थ काढणं शास्त्राच्या दृष्टीनेच चूक आहे.

पारवा

@कोरडा_पाऊस, ताईंच्या वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. बहिणीला पेन क्लिनिक किंवा संधिवाततज्ज्ञांकडे न्या, फायब्रोमायल्जिया मानणारे आणि समजून घेणारे डॉक्टर आहेत. औषधं आहेत, ड्युलोक्सेटीन, प्रेगॅबलिन यांच्यासारखी, सगळ्यांना लागू पडत नाहीत पण काहींना चांगला फरक पडतो. आणि हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम, ज्याबद्दलचा पुरावा बहुतेक गोळ्यांपेक्षा चांगला आहे. सुरुवातीला दुखणं वाढल्यासारखं वाटतं तिथे तिला साथ द्या, तिथेच बहुतेक जण सोडून देतात.

केशरमेघ

छान माहिती. पण मला यात दुसराच प्रश्न पडतो. उंदरांवर चाललं आणि माणसांवर नाही, हे दुखण्याच्या औषधांत सारखं का होतं? उंदीर सांगू शकत नाही की दुखतंय. आपण त्याने पाय किती पटकन उचलला ते मोजतो, आणि त्याला दुखणं म्हणतो. माणसाचं दुखणं म्हणजे रात्रीची झोप, काम सुटणं, धास्ती, या सगळ्याचं मिळून असतं. पाय उचलणं कमी झालं म्हणून ते कमी होईल कशावरून?

चांदणवेल

@केशरमेघ, हा या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि मी याच्याशी बहुतांशी सहमत आहे. फक्त उंदरांनी फसवलं असं म्हणण्याऐवजी आपण त्यांचं अर्धंच ऐकलं असं म्हणेन.

१९९८ मध्ये सबस्टन्स पीचं जीन काढून टाकलेले उंदीर बनवले. त्यांना साधं दुखणं नेहमीसारखंच जाणवत होतं, मध्यम ते तीव्र दुखण्याला मात्र प्रतिसाद कमी होता. म्हणजे तेव्हाही परिणाम 'थोडा कमी' असाच होता, 'दुखणं गेलं' असा नव्हता. आणि आता अलीकडे तर सबस्टन्स पी आणि सीजीआरपी दोन्ही नसलेले उंदीर तयार करून बघितले, तरी त्यांना दुखत होतंच!

याच्या उलट १९९७ चा पॅट्रिक मँटी यांच्या गटाचा प्रयोग बघा, मी वर्गात नेहमी सांगते. त्यांनी सबस्टन्स पीला सॅपोरिन नावाचं विष जोडलं आणि ते मज्जारज्जूजवळ सोडलं. एनके-१ रिसेप्टर असलेल्या पेशींनी सबस्टन्स पी समजून ते आत ओढून घेतलं आणि त्याच तेवढ्या पेशी मेल्या. मग त्या उंदरांमध्ये साधी टोचणी जवळपास पहिल्यासारखीच जाणवत होती पण इजेनंतर येणारा हुळहुळेपणा, तो वाढलेला आवाज, तो खूप उतरला. म्हणजे त्या पेशी महत्त्वाच्या आहेतच. पण त्या पेशी फक्त सबस्टन्स पीचं ऐकत नाहीत, त्यांच्याकडे ग्लुटामेट येतं, इतर पेप्टाइडं येतात, वरून मेंदूकडून येणारे सिग्नल येतात. एक निरोप्या अडवला की बाकीचे काम चालू ठेवतात. माझं मत हेच आहे, की सबस्टन्स पी हा त्या पेशी कुठे आहेत हे दाखवणारी खूण म्हणून अनमोल निघाला, पण स्विच म्हणून नाही, आणि रेणू दुखण्याच्या जागी सापडतो यावरून दुखणं त्याच्यावरच अवलंबून आहे असं धरून चालणं ही त्या काळातली मोठी उडी होती.

म्हणून आता काही जण पेप्टाइडांच्या मागे न लागता तंतू पेटूच नये असं बघतात. नर्व्हमधल्या एनएव्ही १.८ या सोडियम वाहिनीला अडवणारं सुझेट्रिजीन जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत तीव्र, तात्पुरत्या दुखण्यासाठी मंजूर झालं. दीर्घकालीन दुखण्यात ते कितपत टिकतं ते बघायचं.

शांतनदी

मला वाटलं होतं इथे कोणीतरी सीजीआरपीचं लिहील, कोणी लिहिलं नाही म्हणून मीच लिहिते कारण माझं अर्ध आयुष्य अर्धशिशीत गेलंय आणि मला हे रेणूंचं सगळं नाईलाजाने शिकावं लागलं. चांदणवेल ताई म्हणतात एक निरोप्या अडवून उपयोग नाही, पण अर्धशिशीत नेमका तसाच उपयोग झालाय की! सीजीआरपी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कळला, ३७ अमायनो आम्लांचा, मग लार्स एडविन्सन आणि पीटर गोड्सबी यांनी अर्धशिशीचा झटका चालू असताना मानेच्या शिरेतलं रक्त घेऊन दाखवलं की त्यात सीजीआरपी वाढलेला आहे. पुढे अर्धशिशीच्या रुग्णांना सीजीआरपी टोचून बघितलं तर बऱ्याच जणांना झटका आला. मग औषधं, सुरुवातीच्या गोळ्यांपैकी एक लिव्हरच्या त्रासामुळे बंद करावी लागली, पण २०१८ मध्ये सीजीआरपीची वाट अडवणारी एरेनुमॅब ही अँटिबॉडी (नेमक्या एकाच लक्ष्याला चिकटणारं प्रथिन) आली, महिन्यातून एक इंजेक्शन, मग त्याच वर्षी आणखी दोन, आणि नंतर गोळ्याही. मला फरक पडला. झटके येतात अजून, पण खूप विरळ, आणि मधले दिवस माझे असतात. ज्यांना हे अनुभवलेलं नाही त्यांना या शेवटच्या वाक्याचा अर्थ कळणार नाही कदाचित.

चांदणवेल

शांतनदी, किती छान वाटलं वाचून! आणि मुद्दा अगदी बरोबर काढलात. अर्धशिशीवर एनके-१ ब्लॉकर पण वापरून बघितले होते, ते फसले आणि सीजीआरपीवाले चालले, दोन्ही पेप्टाइडं एकाच तंतूत असूनसुद्धा. मला यात फरक दिसतो तो पुराव्याच्या प्रकारात. सीजीआरपीच्या बाबतीत तीन गोष्टी माणसांमध्येच दाखवता आल्या, झटक्यात तो वाढतो, तो दिला तर झटका येतो, आणि अडवला तर झटके कमी होतात. सबस्टन्स पीच्या बाबतीत दुखण्यासाठी अशी साखळी माणसात कधी पूर्ण झालीच नाही.

आणि सीजीआरपीलाही सर्व दुखण्यांचा राजा समजू नये. गुडघ्याच्या संधिवातात त्याला अडवणारी अँटिबॉडी वापरून बघितली होती, ती चालली नाही. डोक्याच्या ट्रायजेमिनल नर्व्हच्या त्या भागात तो महत्त्वाचा आहे, गुडघ्यात तेवढा नाही. जागा बदलली की त्याच रेणूचं महत्त्व बदलतं.

उनाड_ढग

ताई अजून एक. ऑनलाइन 'सबस्टन्स पी कमी करा, दुखणं विसरा' अशा जाहिरातीच्या गोळ्या दिसतात. काही तथ्य?

चांदणवेल

@उनाड_ढग, वरचं सगळं वाचून तुम्हीच सांगा. रिसेप्टर जवळजवळ पूर्ण अडवूनही दुखणं थांबलं नाही असं मोठ्या चाचण्यांत दिसलंय, मग एखादी गोळी तो थोडासा कमी करते असं मानलं तरी त्याने काय होणार? पैसे घालवू नका. मुळात शरीरात सबस्टन्स पी नकोच असं नाहीये, जखम भरण्यात, श्वासनलिकेच्या आणि आतड्यांच्या कामात त्याची गरज असते.

पारवा

श्वासनलिकेवरून आठवलं, यातली एक गोष्ट खूप घरांत घडते. रक्तदाबासाठी एनालाप्रिल, रामिप्रिल अशा गोळ्या चालू केल्या की काही जणांना कोरडी ढास लागते, महिनोन्‌महिने कफ सिरप पीत राहतात आणि उतरत नाही. या गोळ्या एसीई हे एन्झाइम अडवतात, आणि तेच एन्झाइम ब्रॅडिकायनिन आणि सबस्टन्स पी यांना तोडतं. ते तुटले नाहीत की श्वासनलिकेतल्या नर्व्ह चाळवतात आणि खोकला येतो. असं असेल तर गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, दुसऱ्या गटातली गोळी देता येते आणि खोकला साधारण काही आठवड्यांत जातो.

केशरमेघ

@पारवा, हे थेट बाबांना पाठवतोय, त्यांचा खोकला गेलं वर्षभर चालू आहे आणि रामिप्रिलच घेतात. धन्यवाद डॉक्टर.

शांतनदी

पारवा डॉक्टर, मला एक विचारायचंय. माझी भाची पण अर्धशिशीची, तिला आता इंजेक्शन सुचवलंय, पण पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे. तिने घ्यावं का? सीजीआरपी गरोदरपणात लागतो असं वाचलंय.

पारवा

शांतनदी ताई, तिने इंजेक्शन घेण्याआधी हे न्यूरॉलॉजिस्टना नक्की सांगायला हवं, आणि बाळाचा विचार आहे हेच आधी सांगायचं. सीजीआरपी रक्तवाहिन्या रुंद करतो आणि गरोदरपणात त्याची पातळी वाढते, वारेतल्या रक्तपुरवठ्याशी त्याचा संबंध असावा असं मानतात, म्हणून त्या काळात ही औषधं टाळायला सांगतात. अँटिबॉडी असल्यामुळे एकदा टोचलं की परत काढता येत नाही, रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच साधारण महिना लागतो, म्हणजे अंगातून पूर्ण जायला पाच-सहा महिने धरावे लागतात. पुढच्याच वर्षीचा बेत असेल तर बहुतेक डॉक्टर दुसऱ्या पर्यायांचा विचार करतील. तिच्या इतर औषधांची यादीही सोबत न्यायला सांगा, टोपिरामेट किंवा व्हॅल्प्रोएट (अर्धशिशी टाळण्यासाठी देतात त्या गोळ्या) चालू असेल तर तो विषय जास्त तातडीचा आहे, बाळासाठी त्यांचा धोका नीट सिद्ध झालेला आहे. पण तीही मनाने बंद करायची नाहीत, अपॉइंटमेंट लवकरची घ्या.

शांतनदी

टोपिरामेट चालू आहे तिचं. आत्ताच फोन करते तिला.